इंटरनेटवर शोध आपला, दप्तर कुणाचे?

खरीप तोंडावर आला की पूर्वी शेतकरी दोन ठिकाणी चौकशी करायचा. एक कृषी सहायकाकडे आणि दुसरी तालुक्याच्या बाजारात बियाण्या-औषधाच्या दुकानात. आता तिसरे ठिकाण झाले आहे आणि ते खिशातच असते. सोयाबीन पिवळे पडले, विचारा मोबाईलला. सौरपंपाचा अर्ज कुठे भरायचा, विचारा मोबाईलला. लासलगावला कांदा काय भावाने गेला, सातबारा कसा काढायचा, गाईला लाळ्या-खुरकूत झाली तर काय करायचे, सगळे त्यालाच. वयस्कर मंडळी टाइप करीत बसत नाहीत, तोंडाने बोलून विचारतात, आणि तेही चालते.

विचारले की उत्तर येते, आणि तेही फुकटात. त्यामुळे हे उत्तर देतो कोण, ते कुठल्या दप्तरातून काढतो आणि या सगळ्याचा खर्च कोण सोसतो, हे सहसा कुणी विचारत नाही. अडत्याने पट्टी हातात दिली की आपण वजन, हमाली, तोलाई, वाराई सगळे आकडे दोनदा वाचतो. इथे व्यवहार रोज होतो, पण पट्टी कुणी देत नाही.

हे दप्तर एकट्या कंपनीच्या हातात न राहता अनेकांनी मिळून ठेवावे, असे प्रयत्न जगात गेली वीस-बावीस वर्षे चालू आहेत. त्यातले काही फसले, काही टिकून आहेत. आपल्या ग्रामपंचायतींना आणि शेतकरी गटांना त्यातून काही घेण्यासारखे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

कोतवाल, तलाठी आणि यादीतला पहिला नंबर

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण शब्द टाकला की यंत्र त्याच क्षणी जगभर हिंडून उत्तर घेऊन येते, असे बऱ्याच जणांना वाटते. हिंडण्याचे काम आधीच होऊन गेलेले असते. कंपनीचे संगणक रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असतात आणि पानावर जे लिहिले असेल ते वाचून नेतात. कोतवाल वाडी-वस्तीवर फिरून खबर आणायचा, तसला हा प्रकार. आणलेली खबर दप्तरात नोंदली जाते. ते काम तलाठ्याचे म्हणा. (तलाठ्यांचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले, पण गावाच्या तोंडी अजून तलाठीच आहे.)

या दप्तराची मांडणी पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी असते. 'ठिबक' हा शब्द कोणकोणत्या पानांवर आला, 'हुमणी' हा शब्द कोणकोणत्या पानांवर आला, अशी शब्दवार यादी. आपण 'हुमणी' विचारले की यंत्र फक्त ती यादी उघडते. म्हणून उत्तर पापणी लवायच्या आत येते.

खरी मेख तिसऱ्या कामात आहे. हुमणीची पाने निघणार हजारोंनी, आणि आपण पाहणार पहिली चार-पाच. कुणाचे पान पहिले दाखवायचे आणि कुणाचे दोनशेव्या नंबरला ढकलायचे, हे ठरवणारा तो खरा मालक. गूगलचे नाव झाले ते या क्रमामुळेच. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी अशी युक्ती काढली की ज्या पानाकडे इतर अनेक पाने बोट दाखवतात, ते वजनदार धरायचे. गावात चार भली माणसे ज्याचे नाव घेतात त्याला आपण मान देतो, तसेच ते. १९९८ मध्ये त्यांची कंपनी निघाली. गंमत अशी की त्याच वर्षी या दोघांनी लिहिलेल्या शास्त्रीय लेखाच्या पुरवणीत, जाहिरातीच्या पैशावर चालणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणारच, अशा अर्थाचा इशारा त्यांनी स्वतःच देऊन ठेवला होता. पुढे २००० साली त्यांच्याच कंपनीने जाहिराती घ्यायला सुरुवात केली आणि त्याच कमाईवर ती एवढी मोठी झाली.

क्रम लावण्याचे नियम आज गुपित आहेत. थोडेफार बाहेर कळतात, पूर्ण कळत नाहीत. जाहिरातीच्या पानावर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, पण उन्हात मोबाईल धरून बसलेल्या माणसाला ते कुठून दिसणार? शिवाय २०२४ पासून गूगल यादीच्या वरच यंत्राने जुळवलेले आयते उत्तर देऊ लागले आहे. ते वाचून बरेच लोक तिथेच थांबतात. मूळ पान लिहिणाऱ्या विद्यापीठाकडे किंवा खात्याकडे कुणी फिरकत नाही.

मक्तेदारी किती, याचा निकाल अमेरिकेच्या न्यायालयाने दिला आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या धंद्यातली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवली, असा निर्णय दिला. तिथले नव्वद टक्क्यांच्या आसपास शोध एकट्या गूगलवर होतात, असे त्या खटल्यात पुढे आले. आणखी एक आकडा बाहेर आला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोबाईल आणि ब्राउझरमध्ये आपलेच यंत्र आधीपासून बसवलेले असावे, यासाठी गूगलने एकट्या २०२१ साली २६ अब्ज डॉलरहून जास्त पैसे इतर कंपन्यांना दिले. त्या वेळच्या दराने हे जवळजवळ दोन लाख कोटी रुपये होतात. शिवारातला रस्ता आपल्याच गोदामापुढून जावा म्हणून कुणी एवढे पैसे मोजत असेल, तर गोदामात कमाई किती असेल याचा अंदाज करावा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी कंपनीचे तुकडे करण्यास नकार दिला, पण असले एकहाती करार बंद करावेत आणि दप्तरातली काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असा आदेश दिला.

आपल्याकडेही फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपये दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले.

आपले नुकसान कुठे होते

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या कंपन्यांच्या भांडणाशी आमच्या बांधावरच्या माणसाचा काय संबंध? संबंध सौरपंपाच्या अर्जात आहे. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला जाहीर सूचना काढावी लागली की या योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली असून ती शेतकऱ्यांकडून नोंदणीचे पैसे उकळत आहेत. २०२० मध्ये तशाच सूचना पुन्हा काढाव्या लागल्या. नावे अशी की साध्या माणसाला सरकारीच वाटावीत. असले पान शेतकऱ्यापर्यंत पोचते ते एक तर व्हॉट्सअॅपवरून, नाहीतर शोधातून. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी सहसा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असते, एवढी एक खूण घरातल्या पोरांनी वडीलधाऱ्यांना दाखवून ठेवली तरी पुष्कळ पैसे वाचतील.

दुसरे नुकसान दिसत नाही, म्हणून जास्त. सोयाबीन पिवळे पडते ते कधी लोहाच्या कमतरतेने, कधी रानात पाणी साचून मुळ्या गुदमरल्याने आणि कधी पांढऱ्या माशीने पसरवलेल्या पिवळ्या मोझॅक रोगाने. पहिल्याला फेरस सल्फेटची फवारणी, दुसऱ्याला चर काढून पाण्याचा निचरा आणि तिसऱ्याला रोगट झाड उपटून माशीचा बंदोबस्त. तिन्हींचे इलाज वेगळे. कृषी विद्यापीठांनी यावर मराठीत लिहून ठेवलेले आहे. पण शोधात ते पान वर येईल की बाटली विकणाऱ्याचे, हे आपल्या हातात नाही. आणि नुसती बाटली आणून मारली तर साचलेले पाणी काही हटत नाही.

जर्मनीतली सावड

अनेकांनी मिळून दप्तर ठेवण्याचा सर्वात जुना आणि अजून टिकून असलेला प्रयोग जर्मनीतला आहे. मायकेल क्रिस्टेन नावाच्या संगणकतज्ज्ञाने २००३ मध्ये तो सुरू केला. नाव 'यासी'. मराठी कानाला ते अभंगातल्या शब्दासारखे लागते, पण त्याचा संतांशी संबंध नाही.

यासी हा संगणकावर बसवायचा कार्यक्रम आहे, पूर्णपणे मोफत, आणि त्याची आतली रचना कुणालाही उघडून पाहता येते, बदलता येते. त्याची कल्पना सावडीची आहे. एकाच्या बैलजोडीने सगळ्यांची पेरणी वेळेवर होत नाही, म्हणून चार घरे आपापले बैल आणि माणसे एकत्र आणून पाळीपाळीने सगळ्यांची राने उरकतात. तसे इथे ज्याने ज्याने यासी बसवला, त्याचा संगणक थोडी पाने वाचतो, थोड्या शब्दांची यादी सांभाळतो आणि इतरांनी विचारले की उत्तर देतो. मधे मुख्य कचेरी नाही. कुणी एकाने टाळे ठोकले म्हणून सगळे बंद पडत नाही.

हजार ठिकाणी विखुरलेल्या यादीत नेमका शब्द कुठे आहे हे कसे कळते, हा प्रश्न कुणाही जाणत्या माणसाच्या मनात येईल. त्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक शब्दाला ठरलेल्या गणिताने एक नंबर पडतो. 'कांदा' म्हटले की कोणत्याही संगणकावर तोच नंबर निघतो. सामील झालेल्या प्रत्येक संगणकालाही नंबर असतो. शब्दाचा नंबर ज्या संगणकाच्या नंबराजवळ येईल, त्याने त्या शब्दाची यादी सांभाळायची. मग विचारणाऱ्याने गणित केले की कुणाचे दार ठोठवायचे ते आपोआप कळते. गट नंबरावरून शेत सापडते तसे. शिवाय एकच यादी एकाहून जास्त संगणकांवर ठेवलेली असते. त्यामुळे एखाद्याकडे वीज गेली तरी दुसऱ्याकडून उत्तर मिळते. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विशेष पटावी.

यात धाकटे आणि थोरले असा भेदही आहे. ज्याच्या संगणकापर्यंत बाहेरून पोचता येते तो थोरला, त्याच्याकडे याद्या सांभाळायला दिल्या जातात. ज्याचा संगणक आतून बंद दारामागे आहे तो धाकटा. तो विचारू शकतो, पाने वाचून आणू शकतो, पण त्याच्याकडे कुणी विचारायला येऊ शकत नाही. मोबाईलच्या जोडणीवर चालणारा संगणक बहुधा धाकटाच राहतो, हे बसवणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

नोव्हेंबर २०११ मध्ये यासीची पहिली पक्की आवृत्ती जाहीर झाली. तेव्हा जगभर सुमारे ६०० जण ती चालवत होते आणि त्यांच्या एकत्रित दप्तरात १४० कोटी पाने असल्याचे सांगण्यात आले. सहाशे माणसांनी, पदरच्या विजेवर, हे केले. कौतुकच करायला हवे.

पण कौतुक करताना व्यवहार सोडून चालत नाही. सगळ्या जगाचा शोध या पद्धतीने घ्यायला गेलो तर गूगलच्या तुलनेत निकाल फिके येतात. दहा संगणकांना विचारून उत्तरे गोळा करायला वेळ लागतो. त्यातला एखादा मंद असेल तर सगळा खोळंबा. पुन्हा, कुणीही सामील होऊ शकतो म्हटल्यावर भेसळ करणाराही होऊ शकतो. आपल्याच दुकानाची पाने भरून ठेवणारा भेटतोच. आपण काय शोधतो हे एका कंपनीच्या वहीत जात नाही हा फायदा खरा, पण प्रश्न इतरांच्या संगणकापर्यंत जातोच, त्यामुळे पूर्ण गुप्तता आहे असे समजू नये.

फसलेले, अर्धवट आणि नवे

लोकांच्या मदतीने शोधयंत्र चालवायचे म्हणून विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी २००८ मध्ये 'विकिया सर्च' काढले होते. नाव मोठे होते, वर्तमानपत्रांत गाजावाजाही झाला. २००९ मध्ये ते बंद झाले. निकाल नीट येईनात, म्हणून लोक येईनात, आणि लोक येईनात म्हणून निकाल सुधारेनात. दूध संघाला दूध नाही म्हणून भाव नाही आणि भाव नाही म्हणून दूध नाही, असला फेरा आपण पाहिलेला आहे.

'सर्क्स' नावाचा दुसरा प्रकार आहे. त्याची २०२१ पासून 'सर्क्स-एनजी' ही नवी शाखा चालते. हा स्वतःचे दप्तर ठेवत नाही. आपला प्रश्न घेऊन तो बड्या यंत्रांकडे आपल्या वतीने जातो, आपले नाव-गाव सांगत नाही आणि जाहिराती गाळून उत्तर आणून देतो. कुणालाही तो आपल्या संगणकावर चालवता येतो. सोय चांगली आहे, पण पाणी शेवटी दुसऱ्याच्या विहिरीचे. मालकाने मोटार बंद केली की पाट कोरडा. हे नुसते भय नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'बिंग' या यंत्राच्या दप्तरातून पैसे देऊन निकाल घेण्याची जी खुली सोय बरीच वर्षे होती, ती कंपनीने ११ ऑगस्ट २०२५ रोजी बंद केली. तिच्यावर दुकान थाटलेल्या छोट्या मंडळींना रातोरात दुसरी वाट शोधावी लागली.

'प्रीसर्च' नावाचा २०१७ मध्ये निघालेला प्रकारही अनेकांच्या संगणकांवर चालतो, पण त्यात भाग घेणाऱ्याला मोबदला आभासी चलनात मिळतो. त्या चलनाचा भाव आज चढतो, उद्या पडतो. गावात कुणी 'शोधयंत्रात पैसे गुंतवा, घरबसल्या कमवा' असे सांगत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

नवा आणि भरीव प्रयत्न युरोपातला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या १४ संस्था आणि विद्यापीठांनी युरोपीय संघाच्या ८५ लाख युरोंच्या मदतीने खुल्या दप्तराचे काम हाती घेतले. जर्मनीतले पासाऊ विद्यापीठ आणि अणुसंशोधनाची प्रसिद्ध संस्था सर्न त्यात आहेत. शोधयंत्र स्वतः चालवायचे नाही, फक्त वाचलेल्या पानांची सूची तयार करून ठेवायची आणि ती कुणालाही वापरू द्यायची, असा विचार. जून २०२५ मध्ये हे दप्तर इतरांना वापरायला खुले होऊ लागले. कोठार सार्वजनिक आणि दुकाने ज्याची त्याची, ही वाटणी आम्हाला तरी शहाणपणाची वाटते. शोधयंत्रात सर्वात खर्चाचे काम पाने वाचून सूची करण्याचे असते, आणि नेमका तोच बोजा इथे सामाईक होतो.

जग सोडा, तालुक्याचे पाहा

आमचे मत असे, की यासीकडे गूगलची जागा घेणारा म्हणून पाहूच नये. त्याचा खरा उपयोग मर्यादित शिवारात आहे. जर्मनीतल्याच कार्ल्सरूह इथल्या तंत्रज्ञान संस्थेत याच कार्यक्रमावर 'सायन्सनेट' नावाचा, फक्त शास्त्रीय पानांपुरता शोध उभा केला गेला होता. विषय ठरलेला असला की दप्तर लहान राहते आणि त्यात कचरा शिरत नाही.

यासीमध्ये तशी सोयच आहे. बसवताना तो विचारतो की तुम्हाला सगळ्यांच्या सावडीत यायचे आहे, की तुम्ही सांगाल तेवढ्याच संकेतस्थळांचा शोध ठेवायचा आहे, की फक्त कार्यालयातल्या कागदपत्रांचा. दुसरा प्रकार आपल्या कामाचा. त्यात आपण पत्ते द्यायचे आणि यंत्राने तेवढेच वाचायचे. यादीत नसलेले पान त्या दप्तरात येतच नाही. मग कुसुमच्या नावाने कुणी दहा बनावट पाने काढली तरी आपल्या दप्तरात त्यांना दाखल होता येत नाही. एकच दक्षता घ्यायची. वाचन 'त्याच संकेतस्थळापुरते' असा पर्याय निवडायचा. नाहीतर यंत्र दुव्यावरून दुव्यावर उड्या मारीत कुठल्या कुठे भटकते.

यादीत काय असावे? राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे. राज्याचा कृषी विभाग, पणन मंडळ, जिल्हा परिषद, शासननिर्णयांचे संकेतस्थळ, हवामान खाते, महावितरण आणि आपल्या जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र. पंधरा-वीस पत्ते झाले. यात सातबारा मिळणार नाही, कारण तो संकेतस्थळावर गट नंबर घालून त्या वेळी तयार होतो. असली माहिती वाचणाऱ्या यंत्राच्या हाती लागत नाही. पण तो कोणत्या खऱ्या पत्त्यावर निघतो, एवढे मिळेल. बाजारभावाचेही तसेच. आजचा भाव त्या त्या ठिकाणी जाऊनच पाहावा लागेल.

पाच-दहा गावांनी मिळून करायचे ठरवले तर यासीमध्ये आपले वेगळे मंडळ काढता येते. म्हणजे सावड, पण ओळखीच्या घरांची. एका गावाच्या संगणकाने विद्यापीठांची पाने वाचावीत, दुसऱ्याने शासननिर्णय, तिसऱ्याने पणन आणि हवामान. शोध मात्र सगळ्यांना सगळ्यांत घेता येईल.

मराठीची अडचण

हे काम करू पाहणाऱ्याला सर्वात जास्त त्रास होणार तो आपल्या भाषेचा, आणि तो आधी सांगितलेला बरा. असे यंत्र शब्द जसा लिहिला तसाच साठवते. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही. मराठीत कांदा आहे, कांद्याचा आहे, कांद्याला, कांद्यावर, कांद्यांची आहे. माणसाला हे सगळे एकच पीक दिसते. यंत्राला हे पाच वेगळे शब्द. 'कांदा करपा' असे विचारले आणि पानावर 'कांद्यावरील करपा रोग' असे लिहिले असेल तर गाठ पडेलच असे नाही.

दुसरी अडचण जुन्या कागदांची. युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी कार्यालयांतले मराठी टंकन निरनिराळ्या फॉन्टमध्ये होई. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसते, पण आतून ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. यंत्र आतले वाचते, त्यामुळे त्याला 'अनुदान' हा शब्द त्या पानावर दिसतच नाही. आणि स्कॅन करून चढवलेला शासननिर्णय म्हणजे तर नुसता फोटो. फोटोत शब्द नसतात. ग्रामपंचायतीच्या मंडळींना इथे एक विनंती आहे. ठराव, सभेची सूचना, लाभार्थ्यांची यादी संगणकावर चढवताना ती युनिकोडमध्ये टाइप केलेली असू द्या. सही-शिक्क्याचा फोटो हवा तर सोबत जोडा. हे केले तर यासीचेच काय, कुठलेही यंत्र तुमचा ठराव शोधून देईल.

खर्च आणि माणूस

कार्यक्रम फुकट आहे म्हणजे काम फुकट होते असे नाही. सतत चालू ठेवता येईल असा एक बऱ्यापैकी संगणक, मोठी हार्ड डिस्क, बॅटरीची जोड आणि बिनामोबाईलची पक्की इंटरनेट जोडणी हवी. संगणकावर जावा नावाची प्रणाली लागते, तीही मोफत मिळते. यासी बसवला की त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो उघडतो आणि पुढची कामे तिथूनच करता येतात. संगणक शिकलेल्या पोराला हे एका दिवसाचे काम आहे.

खरा खर्च माणसाचा. पाने बदलतात, खात्यांचे पत्ते बदलतात, महिन्या-दोन महिन्यांनी वाचन पुन्हा चालवावे लागते. हे पाहणारा कुणी नेमलेला नसेल तर या संगणकाची गत चौकातल्या सौरदिव्यासारखी होईल. बॅटरी उतरली की खांब उरतो. म्हणून एकट्या ग्रामपंचायतीवर हे टाकण्यापेक्षा कृषी विज्ञान केंद्राने, तालुक्याच्या महाविद्यालयाने किंवा चांगल्या चाललेल्या शेतकरी उत्पादक कंपनीने ते अंगावर घेणे जास्त व्यवहाराचे होईल. त्यांच्याकडे माणसे असतात, आणि कोणते पान खात्रीचे हे सांगणारा विषयतज्ज्ञही असतो. यादीत कोणता पत्ता घालायचा आणि कोणता काढायचा, हे मात्र कुणा एकाच्या मर्जीवर सोडू नये. नाहीतर गूगलच्या जागी गावातला एक गूगल तयार होईल. यादी भिंतीवर लावावी. एखाद्या औषध कंपनीचे पान का घातले, असे कुणालाही विचारता आले पाहिजे.

पाने वाचताना सरकारी यंत्रणेवर ताण येणार नाही हेही पाहावे. संकेतस्थळाच्या दारावर यंत्रांसाठी पाटी असते, कुठे यावे आणि कुठे येऊ नये अशी. यासी ती पाटी पाळतो. तरी वाचनाचा वेग कमी ठेवून काम रात्रीवर टाकावे. दिवसा अर्ज भरणाऱ्यांची गर्दी असते.

सुरुवात करायची असेल तर संगणक आणण्याच्या आधी एक वही आणावी. आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सोसायटीत ती महिनाभर ठेवावी आणि लोक मोबाईलला काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कुणी 'सातबारा' म्हणतो, कुणी 'उतारा', कुणी नुसते आकडे टाकतो. कुणी 'लाळ्या-खुरकूत' म्हणतो, कुणी 'तोंडखुरी'. कुणी 'हुमणी', कुणी 'उन्नी'. यासीमध्ये समानार्थी शब्दांची यादी देण्याची सोय आहे, तिच्यात हे सगळे एकमेकांशेजारी बसवता येतात. कांदा आणि कांद्यावरची अडचणही तिथेच बरीचशी सुटते. फक्त ही यादी पाने वाचायला लावण्याआधी भरावी, कारण वाचतानाच तिचा उपयोग होतो. वही भरायला शाळेतली पोरे चालतील. शब्द मात्र म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावेत.